सूचना : पुसणाऱ्या टूल्सचे वर्णन पुन्हा तपासा

सर्व सदस्यांना नमस्कार.

एआय एजंटना (स्वतःहून कामे करणाऱ्या एआय प्रोग्रामना) जोडलेल्या ज्या टूलमुळे काही पुसले किंवा कायमचे बदलले जाते, त्याचे वर्णन ज्याने त्याने पुन्हा वाचून दुरुस्त करावे, ही कळकळीची विनंती.

'जुन्या नोंदी साफ करते' एवढे पुरेसे नाही. शंका आली की माणूस शेजारच्याला विचारतो. एजंटसमोर बहुधा टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला द्यायची माहिती) एवढेच असते. 'साफ' म्हणजे कायमचे पुसणे, की नुसते बाजूला ठेवणे? कोणत्या नोंदी घ्यायच्या ते ठरवणारा फिल्टर रिकामा राहिला तर काहीच जात नाही, की सगळेच जाते? हा दुसरा प्रश्न मला सर्वांत धोक्याचा वाटतो. त्याचे उत्तर पहिल्या दोन ओळींतच यायला हवे. पुसलेले परत आणता येते का, हेही तिथेच लिहा. 'जपून वापरा' या शब्दांतून एजंटला काहीच कळत नाही. कधी वापरू नये ते सांगा.

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एआयला टूल जोडण्याच्या ठरावीक पद्धतीत) 'डिस्ट्रक्टिव्ह हिंट', म्हणजे टूल काही नष्ट करू शकते हे सांगणारी खूण आहे, तीही भरा. पण ती केवळ सूचक खूण आहे. परवानगी नाकारण्याचे काम टूल चालवणाऱ्या सर्व्हरनेच करायचे.

जमेल तिथे काय पुसले जाणार ते आधी दाखवणारा ड्राय-रन ठेवा. कोड सांभाळणाऱ्या 'गिट'मधली, नको असलेल्या फाइल पुसणारी 'गिट क्लीन' ही आज्ञा पाहा : नेहमीच्या सेटिंगमध्ये सक्तीचा पर्याय दिल्याशिवाय ही आज्ञा थेट फाइल पुसत नाही.

सुधारलेले वर्णन गटात टाका. टूल न लिहिलेल्या एका सदस्याने कोड न बघता ते वाचावे आणि नेमके काय पुसले जाईल ते सांगावे.