दारावर येणारे कोणी नव्हते

लेस्टर, इंग्लंड
मार्चचा शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप भाऊस,
साष्टांग नमस्कार.

मी दर गुरुवारी कोणाकडे तरी जाऊन बोलते, हे वहिनीकडून कळल्यावर तू तिला "एवढे काय झाले तिला?" असे विचारलेस, हे तिनेच मला सांगितले. फोनवरही खुलासा करता आला असता. पण आपल्या घरचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, ओट्यावर चार माणसे बसलेली असतात आणि आईच्या कानावर हा विषय गेला की "पोर आजारी पडली" एवढेच ती धरून बसेल. म्हणून कागदावर लिहीत आहे. मी जिच्याकडे जाते ती डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. मला कोणतेही औषध चालू नाही.

आप्पा गेले तेव्हा मी पोहोचले ती तिसऱ्या दिवशी, राख सावडून तुम्ही परत आलात तेव्हा. पुढचे आठ दिवस चोपडा, पारोळा, शिरपूर अशा सगळ्या बाजूंनी माणसे दारावर येत राहिली आणि आत्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगत राहिली, की सकाळी चहा घेतला, वेचणीच्या बायांचा कापूस मोजला, वहीत हिशेब लिहिला आणि काट्याजवळच बसले ते उठलेच नाहीत. मला तेव्हा त्या सांगण्याचा राग येत असे. आता वाटते, आत्याने ते चाळीस वेळा सांगितले म्हणून तिला ते सोसले. मी मात्र फक्त ऐकले. गंधमुक्तीचा विधी झाला आणि मी विमानात बसले. इथे ऑफिसातल्या लोकांनी सह्या करून एक कार्ड दिले, दोन दिवस सगळे हळू आवाजात बोलले आणि दुसऱ्या आठवड्यापासून तो विषय संपला. त्यांचा दोष नाही. त्यांच्याकडे दारावर येण्याची रीत नाही, आणि माझे दार तर तिसऱ्या मजल्यावर आहे.

जे मी तुम्हाला कोणालाच सांगितलेले नाही, ते आता लिहिते. आप्पा जाण्याच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला होता. नेहमीप्रमाणे "बरी शे ना व माय?" असे विचारून ते कापसाच्या भावाचे काहीतरी सांगू लागले होते. मी मीटिंगमध्ये होते. "संध्याकाळी करते" असे म्हणून मी फोन ठेवला आणि संध्याकाळी विसरले. जानेवारीपासून मला रात्री तीनला जाग येऊ लागली, बसमधून उतरायचे ठिकाण चुकू लागले आणि कोणाचाही फोन वाजला तरी छातीत धडधडू लागले.

मी आधी इथल्या माझ्या भागातल्या डॉक्टरकडे गेले. तिने सांगितले की नैराश्य किंवा चिंतेचा त्रास असेल तर इंग्लंडमध्ये सरकारी बोलउपचारांसाठी स्वतःच नाव नोंदवता येते, पण माझी गोष्ट मृत्यूच्या दुःखाची दिसते, तेव्हा क्रूझ नावाच्या संस्थेला विचारावे. ही संस्था 1959 साली विधवांसाठी सुरू झाली आणि आता कोणाच्याही शोकात मदत करते. क्रूझ म्हणजे तेलाचे लहान मडके. बायबलातल्या एका विधवेच्या घरचे तेल सरत नाही, त्या कथेवरून हे नाव आले आहे. पैसे लागले नाहीत, थांबावे मात्र काही आठवडे लागले.

खोलीत दोन खुर्च्या असतात. समोरची बाई आईच्या वयाची आहे आणि प्रशिक्षण घेऊन हे काम विनामूल्य करते. पहिल्या दिवशी मला तिचा रागच आला, कारण वेळ संपत आली तशी तिने घड्याळ पाहिले. आपल्याकडे दुःखाच्या घरून असे घड्याळ पाहून कोणी उठत नाही. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असे मी कुठेतरी वाचले होते, त्यामुळे मी कितव्या पायरीवर आहे असे तिला परीक्षेच्या निकालासारखे विचारले. ती म्हणाली की कुबलर-रॉस या डॉक्टर बाईंनी 1969 मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून, आणि मागे राहिलेले कोणीही त्या क्रमाने चढत नाही. स्ट्रोब आणि शुट या अभ्यासकांनी 1999 मध्ये वेगळे मांडले आहे: माणूस काही वेळ गेलेल्याकडे तोंड करून असतो, काही वेळ पुढच्या संसाराकडे, आणि हे जाणे-येणे चालूच राहते. मला आपले औत आठवले, एका सरीने जाते आणि दुसऱ्या सरीने परत येते. हा आजार आहे का, हेही मी विचारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला विकार म्हटले आहे. पण तो सहा महिन्यांहून अधिक टिकलेला, जगणे अडवणारा आणि त्या समाजाच्या रीतीपलीकडे गेलेला असेल तरच. मला तर तेव्हा चारच महिने झाले होते.

तिसऱ्या गुरुवारी त्या फोनचे सांगायला घेतले आणि इंग्रजी अडली. ती म्हणाली, तुमच्या भाषेत बोला. मी दहा मिनिटे अहिराणीत बोलले, म्हणजे बहुतेक रडलेच. तिला एक शब्द कळला नसेल, पण तिने मध्ये तोंड घातले नाही, "असे मनाला लावून घेऊ नका" असेही म्हटले नाही. नंतर एकच विचारले, की वडील किती वर्षे फोन करत होते. अकरा वर्षे, बहुतेक रोज. त्यांतले किती मी मध्येच ठेवले असतील, हे मोजत मी बसने घरी आले. अजूनही तीनला जाग येते, पण रोज नाही.

आता तुझ्याविषयी. वहिनी सांगते की बोरीकडच्या शेतात तू नोव्हेंबरपासून गेलेला नाहीस, तो काटा अजून तिथेच पडला आहे आणि तू उभ्या उभ्या जेवतोस. बायका दारावर आल्या की निदान गळ्यात पडून बोलतात. ओट्यावरचे पुरुष मात्र पाऊस आणि भाव बोलून उठतात. आप्पांना काट्याजवळून उचलून घरी आणणारा तू, आणि ते कसे झाले हे तुला कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. क्रमांक 14416, पैसे लागत नाहीत, रात्रीही कोणीतरी असते आणि मराठीत बोलता येते. समोर बसून बोलायचे असेल तर धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, आणि तिथे जे बोलशील ते गुप्त ठेवले जाण्याचा हक्क 2017 च्या कायद्याने तुला दिलेला आहे. गावात कळण्याची भीती असेल तर खतासाठी धुळ्याला गेलो असे सांग. हे खोटे माझ्या नावावर.

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आप्पांच्या नावाची पहिली घागर भरली जाईल. लेकींनी माहेरी यायचा तो सण, पण मला रजा मिळत नाही. आजपासून इथली घड्याळे एक तास पुढे गेली आहेत, म्हणजे तुझ्याकडे सकाळचे अकरा वाजतील तेव्हा माझ्याकडे साडेसहा असतील. आप्पांच्या नावाची आगारी विस्तवात टाकण्याआधी फोन कर, आणि त्या दिवशी स्पीकर बंद ठेव. त्या सकाळचे तुला जे सांगता येईल ते सांग. मी फोन ठेवणार नाही.

आईस साष्टांग नमस्कार, वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण