दुनळी विका, पण माझ्या हप्त्यासाठी नको

लोकमान्यनगर, ठाणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. रेंज गेली की बाबांना राग आला, ते इकडून कळायला मार्ग नव्हता. म्हणून लिहूनच पाठवतोय. तात्यांचा थोरला रविवारी खोपटच्या स्टँडवरून रातराणीनं निघतोय, त्याच्याकडे पत्र देतो. आई, तूच मोठ्यानं वाचून दाखव. बाबा मध्ये "कळलं, कळलं" म्हणाले तरी शेवटपर्यंत वाच.

मुद्द्याचं आधी सांगतो. बाबा, आजोबांची दुनळी बंदूक विकायला माझी ना नाही. माझ्या घराच्या हप्त्यासाठी विकायला मात्र ठाम ना आहे. या दोन गोष्टी तुम्ही एकत्र बांधल्यात, त्या मला सुट्या करायच्या आहेत.

इकडचं खरं काय ते सांगतो, म्हणजे शेजारपाजारच्यांकडून तिखटमीठ लावून ऐकायला नको. वागळे इस्टेटमधलं आमचं युनिट चाकणला गेलं. मला या म्हणाले होते, पण पगार तोच, तिकडे खोली वेगळी आणि पोराची दहावी इथे. नाही म्हटलं. हिशोबाचे पैसे अजून अडकलेत. सध्या राबाळ्याला एका टूलरूममध्ये रोजंदारीवर जातोय. ठाण्याहून वाशीची लोकल पकडली की थोड्या वेळात पोचतो, काम ओळखीचं आहे, पैसे पूर्वीच्या निम्मे. हिच्या पगारात किराणा आणि क्लासची फी भागते. अडतोय तो फक्त 31 हजारांचा हप्ता. अडचण आहे, पण रस्त्यावर आलेलो नाही. बँकेत जाऊन बोललो. मुदत वाढवून हप्ता कमी करता येईल असं म्हणतायत, कागद दिलेत. तोपर्यंत हिनं आपल्या पाटल्या गोल्ड लोनला ठेवल्या. आई, तुझ्या नव्हे, तिच्या स्वतःच्या. सकाळी गेलो आणि दुपारी पैसे खात्यात आले.

सोन्याचं असं होतं. बंदुकीचं होत नाही, आणि बाबा, तुमच्या हिशोबात नेमकी हीच गोष्ट राहून गेली. परवानाधारकाला आपलं हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतं, पण 1959 च्या शस्त्र कायद्यात त्याची रीत ठरवून दिलेली आहे. जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं, कोणाला विकणार त्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि त्यानंतर 45 दिवस थांबायचं. म्हणजे आधी गिऱ्हाईक पाहिजे, त्याच्या परवान्यावर हत्यार घ्यायला जागा पाहिजे, मग अर्ज, मग दीड महिना. कर्जाचा हप्ता 90 दिवस थकला की बँक खातं बुडीतात धरते आणि पुढच्या नोटिसा सुरू होतात. तुमच्या दुनळीचे पैसे माझ्या हातात पडेपर्यंत त्या तीन महिन्यांतला बराचसा काळ निघून गेलेला असेल. अडीनडीला उपयोगी पडेल अशी ती वस्तूच नाही.

आता त्या चिपळूणच्या माणसाबद्दल. "कागदबिगद नको, रोख घ्या, परवान्यावर हरवली म्हणून लिहा" असं तो म्हणाला, आणि तुम्ही मला ते गंमत म्हणून सांगितलंत. बाबा, यात गंमत काही नाही. 2019 साली कायदा बदलला, तेव्हापासून असं परस्पर विकण्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. शिवाय ती बंदूक उद्या कुठे वाजली तर नंबर आपल्या घराचा निघेल. तो माणूस परत आला तर चहासुद्धा विचारू नका. भाच्यानं हौसेनं दुनळीचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकलाय, तोही त्याला आजच काढायला सांगा.

किमतीचंही बघू. तुम्ही म्हणता विलायती माल आहे, वेब्ली स्कॉट आहे, लाखाच्या खाली देणार नाही. विलायती मालाला भाव आहे हे खरं. 1980 च्या दशकात सामान्य माणसासाठी बाहेरून बंदुका आणणं बंद झालं, तेव्हापासून देशात जेवढ्या होत्या तेवढ्याच फिरतायत. पण मी मुंबईतल्या एका परवानाधारक विक्रेत्याला फोटो दाखवले, तर त्यानं भाव बाजूला ठेवून आधी प्रश्नच विचारले. नळ्यांच्या आत खड्डे आहेत का? नळ्या काढून टांगून बोटानं टिचकी मारली तर घंटेसारखा आवाज येतो की बद्द? बद्द आला तर दोन नळ्यांमधला सांधा सुटलेला असतो. पुढचं लाकूड काढून हलवली तर खुळखुळते का? नळ्यांच्या खाली, बंद केल्यावर जो भाग झाकला जातो तिथे, बर्मिंगहॅमचे मुकुटाचे शिक्के आणि अडीच इंचाचा आकडा आहे का? तो आकडा असेल तर ती जुन्या आखूड काडतुसांची, तिच्यात हल्लीची लांब काडतुसं घालणं धोक्याचं. खडकीची शक्तिमान तुम्ही त्यात इतकी वर्षं उडवलीत, आता तेवढं एकदा चष्मा लावून बघा. आणि दस्त्याला तांब्याची तार गुंडाळलीय हे ऐकल्यावर तो फोनवरच हसला. तुम्ही धरलेल्या आकड्याच्या निम्म्याहून खालीच बोलला. तो व्यापारी, पाडूनच बोलणार, हेही मला कळतं.

तार कशी आली ते मला आठवतं. गोठ्याच्या पायरीवरून पडली होती, सुतार म्हणाला दस्ता नवा करू, तुम्ही म्हणालात आजोबांचा हात लागलेलं लाकूड आहे. दसऱ्याला तुम्ही ती पाटावर उकलून ठेवायचात. रॉकेलचा वास, मग खोबरेल, मग झेंडू आणि आपट्याची पानं. पूजेच्या आधी मला नळीतून उजेडाकडे बघायला द्यायचात. आत एकात एक उजेडाची कडी दिसायची, पार लांबपर्यंत, आणि एखादं कडं तुटलेलं दिसलं की तुम्ही म्हणायचात, "तिथे परत फडकं मार." राबाळ्याला बोअर तपासताना अजून तसंच बघतो. साहेब लोक गेज मागतात, मी आधी उजेडाकडे धरतो.

त्यामुळे ती विकताना तुमच्या पोटात काय होईल याचा मला अंदाज आहे. म्हणूनच म्हणतो, ते माझ्या नावानं होऊ नये. आजोबांची बंदूक पोराच्या फ्लॅटपायी गेली, हे तुम्ही कधी तोंडानं बोलणार नाही, पण दर दसऱ्याला रिकाम्या पाटाकडे बघाल आणि मी तिथेच बसलेलो असेन. मला ते झेपणार नाही. आणि फ्लॅटचं काय, उद्या विकावा लागला तर विकू, कळव्याला भाड्यानं राहू. तो आम्ही घेतला, त्याचं ओझंही आमचं.

"तुझ्या नावावर करतो, मग ठेव नाहीतर विक," असंही तुम्ही म्हणालात. 2016 च्या नियमांत तशी सोय आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा हत्यार बाळगून 25 वर्षं झाली, की हयातीतच वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. तुम्ही दोन्हीत बसता. पण मी राहतो ठाणे पोलीस आयुक्तालयात. अर्ज इथे, चौकशी इथे, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला द्यायचा, वर ते कुठे सुरक्षित ठेवणार ते दाखवायचं. दीड खोलीचं घर, त्यात दहावीतला पोरगा आणि त्याचे मित्र. इथे कुठलं रानडुक्कर येणार आहे? मला ती नको. हे कोरडं वाटेल, पण गोल बोलून तुम्हाला आशेवर ठेवण्यापेक्षा बरं.

आता आईचं. आई, तू फोनवर हळू आवाजात म्हणालीस, "जाऊ दे एकदाची घरातून." हप्त्याचा विषय निघण्याच्या कितीतरी आधीपासून तू हे म्हणतेस आणि आम्ही दोघं ते कानाआड करतो. बाबा, रागावू नका, पण तिचं चुकतंय कुठे? मोतीबिंदूनंतरही संध्याकाळी तुम्हाला अंगणातला माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. हात थरथरतो. डुकराला वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, वानरं तर बार काढला की वरच्या फांदीवर जाऊन बसतात आणि तुम्ही आत आलात की परत खाली. 2024 सालात लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा, दोन्ही वेळा एसटीनं जाऊन पोलीस ठाण्यात जमा करायची आणि सोडवून आणायची, नंतर गुडघा धरून बसायचं. मे महिन्यात पोरं येतात तेव्हा तिची रात्रीची झोप उडते, ते वेगळंच. दाराआडच्या खुंटीला टांगलेली बंदूक आणि फळीवरच्या डब्यातली काडतुसं, यांत अंतर चार पावलांचं.

तेव्हा विकायचीच असेल तर या कारणासाठी विका, आणि सावकाश विका. तात्यांच्या थोरल्याचा शेतीसंरक्षणाचा परवाना मंजूर झालाय, हत्यार घ्यायचं बाकी आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. त्याची काजू आपल्या कुंपणाला लागून आहे, डुकरं आपल्याकडून त्याच्याकडेच जातात. त्याला दिलीत तर बंदूक वाडीतच राहील, आणि दसऱ्याला त्याच्याकडे जाऊन नळीतून बघायला तुम्हाला कोण अडवणार आहे? व्यापाऱ्यापेक्षा तो चार पैसे जास्त देईल असं मला वाटतं, पण घरातल्याशी घासाघीस करू नका. पैसे चेकनंच घ्या, पावती करा, दोघांच्या परवान्यावर नोंद झाल्याशिवाय बंदूक हातात देऊ नका. त्याला जुन्या आखूड काडतुसांचंही सांगा, तो तरुण आहे, घाईत काहीही भरेल. काडतुसं वेगळी मोजून द्या, अर्जात त्यांचाही आकडा लिहावा लागेल.

दुसरी ती ठासणीची, तोंडातून दारू ठासून भरायची जुनी बंदूक, ती मात्र विकायच्या भानगडीत पडू नका. तिला कोणी विचारणार नाही. पोलीस ठाण्यात जमा करून परवान्यावरून कमी करून घ्या. ते काम मी येईन तेव्हा दोघं मिळून करू.

दुनळीचे जे येतील ते तुम्हा दोघांच्या नावानं मुदत ठेवीत टाका, आयदर ऑर सर्व्हायव्हर लिहून, म्हणजे दोघांपैकी कोणालाही काढता येतील. त्यातला एक रुपया इकडे पाठवलात तर मी परत पाठवीन. तुम्हाला मदतच करायची असेल तर या वर्षीचा तांदूळ जरा जास्त पाठवा. आणि सीझनला हापूसच्या पेट्या दलालाकडे टाकण्याऐवजी थेट माझ्याकडे पाठवा. आमच्या सोसायटीत आणि हिच्या ऑफिसात लोक दर वर्षी विचारतात, आणि दर वर्षी मी "बघतो" म्हणून सोडून देतो. या वर्षी सोडणार नाही. दलालाला जाणारे पैसे आपण वाटून घेऊ. ती मदत मी आनंदानं घेईन.

अर्जाचा मसुदा सोबत दिलाय. दोन प्रती करा, एकीवर पोचेचा शिक्का घ्या, तारीख स्पष्ट उमटलीय का बघा, कारण 45 दिवस तिथूनच मोजायचे. आणि बाबा, तुमचं मत वेगळं असेल, ठेवायचीच असं ठरलं, तरी हरकत नाही. मग निदान लोखंडी कपाट घेऊ, आणि किल्ली आईकडे.

पोराचा अभ्यास बरा चाललाय. हिनं नमस्कार सांगितलाय.

तुमचा,
बंड्या

ता. क. सगळ्यात आधी परवान्याची मुदत बघा. 2019 नंतर नूतनीकरण पाच वर्षांचं झालंय, पण तुमचं शेवटचं त्याच्या आधीचं की नंतरचं ते मला आठवत नाही. मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरणाचा अर्ज करा. पुस्तकाच्या शिक्क्याच्या पानाचा फोटो भाच्याकडून मला पाठवा. ग्रुपवर नको.