पुस्तक पुढे देण्याआधी

‘वाचून झालेली पुस्तके ग्रंथालयाला द्या’ हे आपल्या अंकातील आवाहन रास्तच आहे. मात्र माळ्यावरचे गठ्ठे जसेच्या तसे देऊ नयेत. कसर लागलेल्या एका पुस्तकातून ती सगळ्या कपाटात पसरते. शंका असल्यास पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नये, नाहीतर पाने दमट होतात. बुरशी मात्र थंडीने मरत नाही. असे पुस्तक वेगळे ठेवून सावलीत वाळवावे आणि मऊ ब्रशने घराबाहेर झाडावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी तर नकोच. ती पिवळी पडते आणि डाग कायमचा राहतो. पातळ कागद व खळ पुरते.

– एक ग्रंथालय कर्मचारी, रत्नागिरी