दरडप्रवण गावांची पाहणी जमिनीखालीही हवी

दरडप्रवण गावांच्या पाहणीचे वृत्त वाचले. माळीण (2014), तळिये (2021), इरशाळवाडी (2023) एवढे घडूनही भर भेगा बघण्यावरच असेल, तर ते अपुरे आहे. मातीचा थर किती जाड, पाणी कुठे मुरते, हे वरून दिसत नाही. विद्युत रोधकता सर्वेक्षणात जमिनीत वीजप्रवाह सोडून थर त्याला किती विरोध करतात (रोधकता) हे मोजतात; त्यासाठी उतारावर दर 5 मीटरला एक अशा 48 धातूच्या सळ्या ठोकल्या, की साधारण 40 मीटर खोलीपर्यंतच्या थरांचे उभे चित्र (छेद) मिळते. मात्र ओली चिकणमाती आणि पाणी मुरलेला झिजका बेसाल्ट (काळा खडक) यांची रोधकता बरेचदा सारखीच येते. म्हणून त्याच रेषेवर भूकंपीय अपवर्तन चाचणी (जमिनीवर आघात करून कंपनलहरी थरांतून किती वेगाने जातात हे मोजणे) आणि किमान एक बोअर घ्यावेच. कोरड्या मुरमात सळीभोवती मिठाचे पाणी ओतले नाही, तर नोंदी भरवशाच्या नसतात. पाणी कुठे मुरते हे कळण्यासाठी हीच रेषा मे महिन्यात आणि पुन्हा भर पावसानंतर मोजावी.

– एक भूभौतिकतज्ज्ञ, पुणे