नववीच्या मुलांनी वाचायचं काय?

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो. पुस्तकं टेबलावर मांडली जातात, मुलांना मांडी घालून बसवतात, फोटो निघतात. मग फोटो ग्रुपवर आणि पुस्तकं परत कपाटात. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. फोटोंबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार आहे ती कपाटाबद्दल.

खालच्या कप्प्यात इसापनीती आणि अकबर-बिरबल. वरच्या कप्प्यात थोरांची चरित्रं आणि स्पर्धा परीक्षांची गाइडं. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांना खालचं बाळबोध वाटतं, वरचं सक्तीचं. फास्टर फेणे सहावी-सातवीतच वाचून संपलेला असतो. मधला कप्पा रिकामा.

त्या कप्प्यासाठी मराठीत पुस्तकं नाहीत असं नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ घ्या. पानिपत झालं त्याच वर्षी, १७६१ मध्ये, माधवराव पेशवे झाले तेव्हा वय सोळा. म्हणजे आमच्या दहावीच्या बाकावरचाच मुलगा! घरात काका राघोबादादा, डोक्यावर कर्ज, दाराशी निजाम, आणि सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं शेवट. एवढं सांगितलं की मागच्या बाकावरून विचारणा होतेच, “बाई, पुस्तक मिळेल का?” मिळत नाही. मिळालं तर मी एक गोष्ट बजावून देईन : ही कादंबरी आहे, यातले संवाद लेखकाचे आहेत. हा फरक या वयात कळला, तर व्हॉट्सॲपवर फिरणारा इतिहासही पोरं जपून वाचतील.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलाची, आणि ती नववीच्याच मुलांपासून लपवली जाते. का, तर त्यात मुलाला वर्गातली मुलगी आवडते. आपल्या शाळेत असलं काही नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभं राहून पाहावं. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला मुलगा, लंपन, तर या वयाचा सख्खा मित्र. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला मास्तरही अगदी पोरसवदा. आमच्याकडे मेंढरांमागे फिरणाऱ्या घरांतली मुलं आहेत. त्यांना आपली वाडी पुस्तकात भेटायला हवी.

मुलींसाठी यादी करायला बसले की मात्र पेन अडतं. नायिका मिळतात, पण आज सायकलवरून शाळेत येणारी, घरी लग्नाची बोलणी कानावर पडणारी पंधरा वर्षांची मुलगी फारशी सापडत नाही. १९७१ पासून ‘किशोर’ काढणाऱ्या बालभारतीनं अशा कादंबऱ्या लिहून घ्याव्यात.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ग्रंथालय आहे, गोष्टीची पुस्तकंही आहेत, पण तो कायदा आठवीशी थांबतो. नववी-दहावीसाठी आपण वेगळी तरतूद करावी. पन्नास पुस्तकांची एकेक प्रत नको, दहा पुस्तकांच्या पाच-पाच प्रती द्या. एकाच पुस्तकावरून पाच जण भांडू लागले की सहावा आपणहून वाचायला मागतो.

आणि परिपत्रकात एक ओळ आवर्जून घाला : पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर त्याची किंमत शिक्षकाकडून वसूल होणार नाही. कपाटाला कुलूप त्याच भीतीनं लागतं.

आपली,
मराठीची एक शिक्षिका