स्टीव्ह गुडमन, दोस्ताला पुढं केलंस म्हणून थँक्यू

प्रिय स्टीव्ह,

तू 1984 ला गेलास तेव्हा 36 चा होतास, मी आत्ता 43 चा आहे, म्हणून डायरेक्ट अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

थँक्यू म्हणायचंय ते तुझ्या दोस्तासाठी, जॉन प्राइनसाठी. तुम्ही दोघंही शिकागोकडचे, स्वतः गाणी लिहून गाणारे. गाणी त्याचीच, मान्य, पण ती शिकागोच्या बाहेर पडली ती तुझ्यामुळे असं माझं ठाम मत आहे. आमचे बाबा पोस्टमन, आता रिटायर झालेत, त्यामुळे प्राइन मला आधी आवडला तो पोस्टमन म्हणूनच. शिकागोजवळच्या मेवुडमध्ये घरोघर टपाल टाकत फिरायचा, चालता चालता डोक्यातल्या डोक्यात गाणी जुळवायचा, आणि वारा फारच झोंबायला लागला की रस्त्यावरच्या टपालाच्या मोठ्या पेटीत शिरून सँडविच खायचा. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, आम्हाला कुठली पेटी, आम्ही मारुतीच्या देवळात डबा सोडायचो.

तर 1971. शिकागोत क्रिस क्रिस्टोफरसन या मोठ्या गायकाचा प्रोग्रॅम, त्याच्या आधी तू गाणार, आणि तो तुझ्यावर जाम खूश, वर प्रसिद्ध गायक पॉल अँका पण हजर, म्हणजे तुझं नशीब उघडायची रात्र, आणि तू काय केलंस तर आधी माझ्या मित्राला ऐका म्हणून मागेच लागलास!! अपरात्री सगळ्यांना 'अर्ल ऑफ ओल्ड टाउन' क्लबमध्ये घेऊन गेलास, तिथं खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून झालेल्या, आणि प्राइन त्या चार माणसांसाठी परत गायला. मग न्यूयॉर्कला क्रिस्टोफरसननं त्याला स्वतःच्या स्टेजवर बोलावलं, समोर अटलांटिक रेकॉर्ड्स कंपनीचे जेरी वेक्सलर बसलेले, लगेच करार, त्याच वर्षी पहिला अल्बम. आणि तुला तेव्हा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर होता रे. मी असतो तर गपचूप स्वतःचीच कॅसेट पुढं सरकवली असती, खोटं कशाला बोलू.

तो ज्यूकबॉक्सचा (नाणं टाकलं की गाणं वाजवणारी मशीन) किस्सा तर मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवून झालाय. दोघांनी मिळून अमेरिकेतल्या 'कंट्री' गाण्यांची टर उडवणारं गाणं लिहिलंत, प्राइन म्हणाला माझं नाव नको, कंट्रीवाल्यांना राग येईल, आणि 1975 ला डेव्हिड ॲलन को या गायकाच्या आवाजात तेच हिट झालं. नाव नाही तर नाही, तू त्याला आख्खा ज्यूकबॉक्स घेऊन दिलास. 1978 चा त्याचा अल्बम पण तूच प्रोड्यूस केलास.

एप्रिल 2020 मध्ये प्राइन कोरोनानं गेला, नॅशव्हिलला. 1998 ला मानेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आवाज पार खरबरीत झाला, तरी गात राहिला, मला तर तोच आवाज जास्त आवडतो. लॉकडाऊन होता, त्या रात्री बाबांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांना इंग्रजी गाणी कळत नाहीत. तिसऱ्या गाण्याला त्यांचा पाय ताल धरायला लागला, मग म्हणाले, हा पोस्टात होता ना, परत लाव.

तुझा,
एका पोस्टमनचा पोरगा