बस धुणाऱ्याला गळती दिसते

महोदय,

उन्हाळी सुट्टी लागली की मनोरंजन पार्कांच्या अर्ध्या-अर्ध्या पानाच्या जाहिराती सुरू होतात. नवी राइड, नवे फूड कोर्ट, सहलींना सवलत. मी एसटीच्या कार्यशाळेत 31 वर्षे मेकॅनिक होतो, त्यामुळे अशा ठिकाणी गेलो की माझी नजर भलतीकडेच जाते.

यंदा मे महिन्यात नातवंडांना घेऊन एका पार्कात गेलो होतो. नाव लिहीत नाही. हेच पार्क नवे होते तेव्हाही आम्ही पाहिले होते. तेव्हा रांगेतल्या कठड्यावरून बोट फिरवले तरी धूळ लागत नव्हती, आणि लांब दांड्याची सुपली घेतलेली एक बाई पॉपकॉर्नचा दाणासुद्धा पडू देत नव्हती. या वेळी त्याच कठड्याच्या वेल्डिंगला गंज चढलेला. पाण्याच्या घसरगुंडीखाली काठाला शेवाळ. स्वच्छतागृहात कडीच्या जागी सुतळी. आमच्या सौ. बाहेर येऊन म्हणाल्या, "यापेक्षा आपला स्टँड बरा!" स्टँडवरच्या स्वच्छतागृहाची स्तुती त्यांच्या तोंडून ऐकेन असे नोकरीत असताना कधी वाटले नव्हते.

एका राइडच्या फायबरच्या सीटला तडा गेला होता आणि त्यावर चिकटपट्टी मारलेली होती. तिथल्या मुलाला विचारले, तर म्हणाला, "काका, मशीन रोज चेक होते. हे फक्त दिसायला तसं आहे." होतही असेल. पण डेपोत आम्ही शिकलो ते वेगळे. गाडी वॉशिंग रॅम्पवरून धुवून आली की डिफरन्शियलची, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीची, गळती दिसते, स्प्रिंगपाट्याची चीर दिसते. चिखल बसलेल्या गाडीखाली टॉर्च घेऊन झोपले तरी चिखलच दिसतो. फडके मारणारा माणूस हा पहिला तपासनीस असतो. तो कमी केला, की फक्त झाडलोट कमी झाली असे मालकाला वाटते.

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी आहे. मिकी माउसवाले वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मेरी-गो-राउंडवर बसवून स्वतः बाकावर बसत, तिथेच त्यांना ही कल्पना सुचली. त्या काळच्या जत्रावजा पार्कांची कळकट अवस्था त्यांना मुळीच आवडत नसे. उलट कोपनहेगनचे 1843 सालचे टिव्होली उद्यान पाहून ते खूश झाले. 1955 मध्ये स्वतःचे पार्क उघडल्यावर तिथे च्युइंगगमसुद्धा विकायला ठेवले नाही. खरवडत कोण बसणार!

पण नियम तेच राहिले तरी हिशेब बघणारी माणसे बदलतात. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे देखभालीच्या खर्चाला कात्री लागली. जुने गिऱ्हाईक उडालेल्या रंगाबद्दल कुरकुरू लागले. 5 सप्टेंबर 2003 रोजी तिथल्या बिग थंडर माउंटन या रोलर कोस्टरची गाडी घसरली, 22 वर्षांचा एक तरुण गेला आणि 10 जण जखमी झाले. सरकारी चौकशीत निघाले काय, तर एका चाकाच्या जोडणीचे बोल्ट ठरल्याप्रमाणे आवळलेले नव्हते. गाडीतून वेगळा आवाज येतोय हे कामगारांच्या कानावर आले होते. ती फेरी झाली की गाडी बाजूला घेणार होते! हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला, कारण "एवढी ट्रिप मारून येऊ दे, मग बघू" हे वाक्य मी आयुष्यात शंभर वेळा ऐकले असेल, दोन-चारदा बोललोही असेन. रंगाचे पैसे वाचवले म्हणून बोल्ट ढिला राहिला, असा सरळ दोर बांधायला मी धजणार नाही. पण पुढे व्यवस्थापन बदलले आणि 2005 च्या पन्नाशीसाठी त्यांनी सगळे पार्क रंगवून, दुरुस्त करून काढले. म्हणजे घसरलेला दर्जा परत वर येतो. मनावर घ्यावे लागते एवढेच.

आपल्याकडे पाऊस आहे, दमट हवा आहे, लोखंड तिथल्यापेक्षा लवकर खाल्ले जाते. म्हणून पार्कवाल्यांना एकच विनंती आहे. तिकीटखिडकीवर फलक लावा: कोणती राइड दुरुस्तीसाठी शेवटची कधी बंद ठेवली होती आणि आज कोणती बंद आहे. बंद राइड पाहून पोरे हिरमुसतील, पण चालेल. नातवाला मी त्या चिकटपट्टीच्या सीटवर बसू दिले नाही, तर तो घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. तेही चालले.

यासाठी तिकीट थोडे वाढले तरी हरकत नाही. जेवणाचे पैसे वाचवायला आम्ही घरून पुरी-भाजी नेतो. ती गेटवर काढून घेतात, तो विषय पुन्हा कधीतरी.

– एक निवृत्त एसटी मेकॅनिक, मिरज